मार्क फोर, बक मार्क की व्हिक्टरी? पॉइंट टूटू पिस्तूल निवडताना

रूगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी. कागदी टार्गेटवर निवांत नेमबाजी करायची म्हणून पॉइंट टूटूचं (०.२२ इंची छोट्या गोळीचं) पिस्तूल शोधायला लागलं की फिरून फिरून हीच तीन नावं समोर येतात. साडेपाच इंची नळी, दहा गोळ्यांचं मॅगझिन, वजन किलोच्या आसपास, मागची साइट (नेम धरायची खाच) स्क्रूने सरकवता येणारी. माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो. मग चर्चा 'जास्त अचूक कुठलं' यावर येऊन अडकते, आणि नेमका तोच प्रश्न सगळ्यात बिनकामाचा आहे. या तिघांपैकी कुठलंही पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून, त्याला मानवणाऱ्या काडतुसांनी चालवलं, तर हौशी नेमबाजाच्या हातापेक्षा ते चांगलंच मारतं. निवड ठरते ती मूठ हातात कशी बसते यावर, आणि साफसफाईनंतर नेम जागेवर राहतो का यावर.

लायसन्स, क्लबचे नियम, किती गोळ्यांचं मॅगझिन चालतं, हे ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी आधी पाहून घ्यावं. तिथे गाडी अडली तर पुढचं सगळं व्यर्थ.

आधी मूठ. रूगरचं पहिलं पिस्तूल १९४९ साली आलं आणि त्याची मूठ जर्मन ल्यूगरसारखी तिरकी होती. तोच तिरकेपणा आजच्या मार्क फोरमध्ये आहे. बक मार्क आणि व्हिक्टरी यांची मूठ त्या मानाने उभी, कोल्टच्या '१९११' नावाच्या जुन्या पिस्तुलाच्या जवळ जाणारी. रूगरचंच ट्वेंटीटू-फॉर्टीफाइव्ह हे भावंड मुद्दाम १९११ च्या कोनात बनवलेलं आहे, त्यामुळे 'मला रूगरच हवं, पण मूठ उभी हवी' म्हणणाऱ्याचीही सोय आहे. मात्र साध्या मार्क फोरची आणि ट्वेंटीटू-फॉर्टीफाइव्हची मॅगझिन एकमेकांत चालत नाहीत. जादा मॅगझिन घेताना इथे हमखास गफलत होते.

कोन आपल्याला जुळतो की नाही, हे दुकानात किंवा रेंजवर दोन मिनिटांत कळतं. मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. भिंतीवरचा एखादा ठिपका पाहून डोळे मिटा, पिस्तूल सवयीप्रमाणे वर उचला आणि हात जिथे सहज स्थिरावेल तिथे डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या वर डोकावत असेल तर मूठ तुमच्या मनगटाला जास्त तिरकी आहे. खाचेत बुडालेली असेल तर जास्त उभी. पाच-सहा वेळा करा, कारण दुसऱ्या वेळेपासून मन लबाडी करून मनगट आधीच वळवायला लागतं. साइट डावीकडे-उजवीकडे गेली तर तो कोनाचा दोष नाही. मुठीची जाडी किंवा तुमची पकड तपासा. उभ्या मुठीची सवय असलेल्याच्या हातात मार्क फोर बहुतेक वेळा वर बघतं. सराव केला की हे जातं. पण दोन वेगवेगळ्या कोनांची पिस्तुलं आलटून पालटून वापरणार असाल तर ते कधीच पुरतं जात नाही.

त्याच वेळी बोट बघा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल मध्य ट्रिगरवर सरळ टेकला पाहिजे, आणि बोटाचा मागचा भाग फ्रेमला लागता कामा नये. मध्ये कागद सरकेल एवढी फट हवी. बोट फ्रेमला घासत असेल तर चाप ओढताना ते अख्खं पिस्तूल बाजूला ढकलतं, आणि गोळ्या एका बाजूला का जातात याचं कारण माणूस साइटमध्ये शोधत बसतो.

साइटचं गणित एकदा करून ठेवावं, त्याने बऱ्याच शंका मिटतात. दोन साइटमधलं अंतर २०० मिलिमीटर धरा आणि टार्गेट २५ मीटरवर. पुढची साइट खाचेत फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, तरी कागदावर गोळी १२.५ मिलिमीटर सरकते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या २५ मीटर प्रिसिजन टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २५. खाचेतली चूक ०.२ झाली की गोळी दहाच्या काठावर. उलट दोन्ही साइट नीट जुळलेल्या असताना सगळा हात ५ मिलिमीटर डोलला, तर गोळी ५ मिलिमीटरच सरकते. म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. आणि म्हणूनच पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना सारखा, स्पष्ट उजेड दिसेल अशी खाच हवी.

या कसोटीवर कागदी टार्गेटसाठी मार्क फोर टार्गेटच्या साध्या काळ्या साइट मला उजव्या वाटतात. व्हिक्टरीबरोबर फायबर ऑप्टिकवाल्या (उजेड धरून चमकणाऱ्या काडीच्या) येतात. पडणाऱ्या पत्र्यांवर झटपट नेम धरायला त्या छान, पण कडक उन्हात तो हिरवा ठिपका फुगल्यासारखा दिसतो, पुढच्या साइटची वरची कड हरवते आणि गोळ्या वरखाली पसरतात. रेड डॉट (साइटऐवजी लाल ठिपका दाखवणारी काच) लावायचाच असेल तर चित्र बदलतं. व्हिक्टरीच्या डब्यातच ती बसवायची रेल असते, मागच्या साइटचा तुकडा काढून ती बसवायची.

तिन्हींची एक चांगली गोष्ट म्हणजे साइट हलत्या भागावर नाहीत. रूगर आणि व्हिक्टरीत नळी आणि वरचा रिसीव्हर जागच्या जागी राहतो, आत फक्त बोल्ट मागेपुढे होतो. बक मार्कमध्ये छोटी स्लाइड हलते, पण मागची साइट तिच्या वरून जाणाऱ्या वेगळ्या पट्टीवर बसते. वॉल्थर पी२२ किंवा ग्लॉक ४४ अशा पूर्ण स्लाइडच्या पिस्तुलांत मागची साइट प्रत्येक गोळीला स्लाइडबरोबर मागे जाऊन परत येते. ती पिस्तुलं वाईट नव्हेत, त्यांचं काम वेगळं आहे. कागदावर बारीक ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) हवा असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पण बक मार्कची ती पट्टीच त्याचं दुखणं आहे. १९८५ पासून हीच रचना चालत आली आहे: वरची पट्टी स्क्रूंनी आवळलेली, आणि स्लाइड काढायची तर आधी ते स्क्रू सोडायचे. स्क्रू लहान, त्यांखालचे वॉशर त्याहून लहान. दर वेळी उघडझाक केली की पट्टी केसभर वेगळी बसते, आणि केसभर म्हणजे काय ते वरच्या गणितात आलंच. न उघडताही स्क्रू हळूहळू ढिले होतात. ग्रुप अचानक उभा-आडवा फुटायला लागला की काडतुसांना दोष देण्याआधी ॲलन की घेऊन हे स्क्रू बघा. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक), तेही टाचणीच्या डोक्याएवढं, स्क्रूचे आटे तेलमुक्त पुसून लावावं. लाल लावू नये, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच गोल होईल. आवळून झालं की स्क्रू आणि पट्टीवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की स्क्रू सरकला. आतला रिकॉइल बफर (स्लाइडचा धक्का झेलणारा तुकडा) प्लॅस्टिकचा असतो आणि झिजतो, तेव्हा एक जादा आणून ठेवावा.

व्हिक्टरीत ट्रिगर गार्डच्या पुढे खालून एकच स्क्रू. तो काढला की वरचा भाग सुटतो. सोपं आहे, पण सगळा भार त्या एकट्यावर. दर वेळी सारख्याच जोराने आवळला नाही तर नेम थोडा हलतो.

या बाबतीत मार्क फोर खरोखर पुढे आहे. २०१६ मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये पिस्तूल रिकामं करून हॅमर (घोडा) चढवायचा, सेफ्टी लावायची, फ्रेमच्या मागचं बटण दाबायचं. वरचा भाग बिजागरीवर उघडतो आणि बोल्ट मागून हातात येतो. साइट दोन्ही वरच्याच भागावर, म्हणजे त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं बिघडतच नाही. नळी चेंबरच्या बाजूने साफ करता येते, रॉड घासून नळीच्या तोंडाची कड खराब होत नाही. जुन्या मार्क वन, टू, थ्री चालवलेल्यांना याची किंमत विचारा! त्यांत पिस्तूल जोडताना हॅमरमागचा बारीक स्ट्रट (काडी) नेमका मेनस्प्रिंगच्या, म्हणजे हॅमरच्या स्प्रिंगच्या, टोपीत पडावा लागतो. नाही पडला तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, आणि लोक हातोडी शोधायला लागतात. हातोडीची गरज वाटली तर थांबा, स्ट्रट चुकलाय.

मार्क फोर वापरलेलं घेणार असाल तर सीरियल नंबर आधी वाचा. १ जून २०१७ पूर्वी बनलेली पिस्तुलं कंपनीने सेफ्टीसाठी परत मागवली होती. सेफ्टी 'सेफ' आणि 'फायर' यांच्या अधेमधे असताना चाप ओढला, तर नंतर सेफ्टी सरकवताना गोळी सुटू शकत होती. ४०१ किंवा डब्ल्यूबीआर या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असेल तर दुरुस्ती झाल्याचा पुरावा मागा. नसेल तर ते पिस्तूल चालवू नका.

ट्रिगरमध्ये मात्र डब्यातून काढल्या काढल्या बक मार्कच सरस. कोरडा सुटतो, आधी खरखर कमी. मार्क फोरचा थोडा सरपटत येतो आणि सुटतो. ट्रिगर गेज लावून पाच वेळा मोजा. आकड्यापेक्षा पाचही वेळा तो सारखा येतो का, हे महत्त्वाचं. हौशी सरावाला एक ते दीड किलो उत्तम. पुढेमागे २५ मीटर स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर तिथे किमान १००० ग्रॅम लागतात, हे लक्षात ठेवा. ओव्हरट्रॅव्हलचा (हॅमर सुटल्यावरही ट्रिगर मागे जातो ते थांबवणारा) स्क्रू असेल तर तो आत घेत जा, ट्रिगर सुटेनासा झाला की अर्धा फेरा मागे घ्या. अगदी काठावर ठेवला तर थोडी काजळी जमल्यावर पिस्तूल सुटणारच नाही. सिअरला (हॅमर अडवून धरणाऱ्या तुकड्याला) स्वतः कानस किंवा पॉलिश लावू नये. तिथला कोन बिघडला की बोल्ट आदळल्यावर हॅमर आपोआप पडू शकतो.

आता काडतुसं. यांतल्या दोन पिस्तुलांमधल्या फरकापेक्षा दोन प्रकारच्या काडतुसांमधला फरक मोठा असतो. ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी. स्टँडर्ड व्हेलॉसिटी सेकंदाला साधारण ३२५ मीटर, हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास. डब्यावरचे हे आकडे रायफलच्या लांब नळीतले असतात, पिस्तुलातून वेग कमीच मिळतो. यंत्रणा साध्या ब्लोबॅकची: रिकामं कवचच बोल्टला मागे ढकलतं. काडतूस अशक्त असेल किंवा चेंबरमध्ये मेण-काजळी साचली असेल तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही, आणि कवच धुराड्यासारखं उभं अडकतं. म्हणून नव्या पिस्तुलात चार-पाच प्रकारांची काडतुसं आणून प्रत्येकाचे दहा गोळ्यांचे किमान दोन ग्रुप मारा. तीन गोळ्यांचा सुरेख ग्रुप हा बहुधा योगायोग असतो. फ्रेम पिशवीवर टेकवा, नळी नको.

मॅगझिन भरताना बाजूचं बटण पूर्ण खाली ओढून काडतुसं सोडू नका, एकेका काडतुसापुरतंच खाली घ्या. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. मागे गेली तर दोन्ही अडकतात आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला पिस्तूल रुसतं.

हॅमर पडला आणि गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट ओढा. काडतुसाच्या कडेवर पिनचा खड्डा खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा, कडेत त्या जागी मसाला पोचलेला नसतो. खड्डा उथळ असेल तर बोल्टमध्ये घट्ट झालेली काजळी किंवा थकलेली स्प्रिंग. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला तर पुढची गोळी मारूच नका. पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकलीय का ते बघा.

हलकं मॉडेल घ्यावं का, हाही प्रश्न येतोच. ट्वेंटीटू-फॉर्टीफाइव्ह लाइट ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं, दिवसभर बाळगायला बरं. पण एका हाताने उभं राहून कागदावर मारायचं तर पुढे जड असलेली नळी डोलणं मंद करते. लहान मुलं किंवा बारीक मनगटाची माणसं दोन हातांनी चालवणार असतील तर हलकंच घ्या. दहाव्या मिनिटाला खाली झुकणारं जड पिस्तूल त्यांच्या काही उपयोगाचं नाही.

तरीही ठरत नसेल तर मला विचाराल तर असं: मूठ तिन्हींची जुळत असेल तर मार्क फोर टार्गेट, तिरकी मूठ नकोशी असेल आणि रेड डॉट लावायचा असेल तर व्हिक्टरी, ट्रिगरवर जीव असेल आणि स्क्रू तपासायचा कंटाळा नसेल तर बक मार्क. घेताना दोन जादा मॅगझिन त्याच दिवशी घ्या आणि सगळ्या मॅगझिनवर १, २, ३ असे आकडे टाका. अडकणं एकाच आकड्यावर होत असेल तर पिस्तूल उघडायची गरज नाही, त्या मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) तपासा.