एक एकर आणि सातबारा

धाराशिव जिल्ह्यात महिला सक्षमीकरणाच्या प्रकल्पाची जबाबदारी सांभाळताना प्रशिक्षणांपेक्षा माझा अधिक वेळ एकाच प्रश्नावर जातो: शेतात काय पेरायचे, हे घरात कोण ठरवते? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात बचत गटांचे जाळे वाढत गेले आणि पासबुक, हप्ता, कर्ज यांचे व्यवहार बायकांच्या अंगवळणी पडले. जमीन मात्र बहुतेक घरांत अजूनही पुरुषाच्याच नावावर आहे. म्हणून घरच्या शेतातील किमान एक एकर घरातील बाईच्या निर्णयाने कसला जावा, असा आमचा आग्रह असतो. तेथे केवळ सोयाबीन न घेता ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला अशी मिश्र पिके घेतली, तर पावसाने दडी मारली तरी काहीतरी हाती लागते. परवा एका ताईंनी राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले मुगाचे बियाणे दाखवले. ते विकत आणायचे नाही, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता. देणगीदारांच्या तिमाही अहवालात अशा निर्णयासाठी रकाना नसतो, हे मला मनापासून खटकते, आणि तो असावा म्हणून मी भांडतेही. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालण्याचे काम संथ आहे. तरीही पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात सर्वाधिक प्रवासखर्च मी त्यासाठीच धरला आहे.