दोन हातांत मावायला हवा

‘‘डॉक्टर, मला लेखी हवंय. हा कुत्रा बॉर्डर टेरियर आहे एवढंच लिहा आणि खाली सही करा.’’

बोलणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, निवृत्त पोस्टमन. तपासणीच्या टेबलावर त्यांचा अल्फी. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेल्या नॉर्थंबरलंडमध्ये, कोकेट नदीच्या खोऱ्यातल्या एका दवाखान्यात मी पशुवैद्य म्हणून काम करते. टेरियर म्हणजे बिळात शिरून शिकार करणारा छोटा कुत्रा, आणि बॉर्डर टेरियर ही जात इथलीच. चेव्हियट डोंगरातल्या मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी कोल्ह्यांचा बंदोबस्त करायला ती जोपासली. पूर्वी तिला या खोऱ्याच्या नावानंच ओळखत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबची मान्यता मिळाली ती १९२० साली, तीही सहा वर्षांपूर्वी एकदा नकार पचवून. अशा मुलखात तुमचा बॉर्डर बॉर्डर नाही असं कुणी म्हणालं, तर ते फक्त कुत्र्याबद्दल बोललेलं नसतं.

आणि कुणीतरी म्हणालं होतंच. गावच्या पबमध्ये. ज्याचं अर्धं आयुष्य शिकारी ताफ्याचे टेरियर सांभाळण्यात गेलं, अशा माणसानं अल्फीकडे एकदा पाहून निकाल दिला होता: फार जाडा, फार मऊ, हा कुठल्या बिळात जाणार?

कुत्र्याची जात लिहून देणं पशुवैद्याच्या अधिकारातलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. डीएनए तपासून आईबाप कोण ते ठरवता येतं, आणि केनेल क्लबचा नोंदणीचा कागद तर त्यांच्या खिशातच होता. त्यानं त्यांचं समाधान होईना. ‘‘कागद मीही वाचलाय. तुम्ही कुत्रा वाचा,’’ म्हणाले. पुढच्या वेळेची मांजर येणार नसल्याचा फोन आला होता, वेळ मोकळा होता. ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे त्या जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याचं वर्णन, जेमतेम दोन पानांचा मजकूर. मी तो स्क्रीनवर उघडला आणि डोक्यापासून सुरुवात केली.

डोकं पाणमांजरासारखं असावं, हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य. कवटी माफक रुंद, नाकाडं आखूड पण मजबूत. अल्फी इथं बिनतोड होता. कोकेटच्या काठावर खरं पाणमांजर दिसतं, तेव्हा शंका आली तर पडताळून बघायचीही सोय आहे. डोळे गडद, नजर तल्लख. कान छोटे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, गालाशी पुढे झुकलेले. तोंड उघडून दात पाहिले: वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे नेमके बसत होते. शेपूट बुडाशी जाड, टोकाला निमुळती, आणि पूर्ण. इतर कित्येक टेरियरच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या छाटल्या गेल्या, बॉर्डरची कधी छाटत नव्हते. बिळात अडकलेल्या कुत्र्याला मागून धरून ओढायला काहीतरी हवं ना, असं इथले जुने लोक सांगतात.

कोट, म्हणजे अंगावरचे केस, मात्र घसरला. स्टँडर्डला हवा राठ, दाट केसांचा आणि आत घट्ट अंडरकोट असलेला कोट. अल्फीच्या पाठीवरून हात फिरवला तर लोकरीच्या स्वेटरवरून फिरवल्यासारखा वाटला. हा दोष जन्माचा नव्हता. बॉर्डरचे मेलेले केस बोटांनी किंवा स्ट्रिपिंगच्या सुरीनं उपटून काढायचे असतात, म्हणजे खालून नवा राठ केस येतो. ते न करता वर्षानुवर्षं मशीन फिरवलं की केस कापले जातात, मऊ पडतात, रंगही फिका होतो. शिवाय त्याची नसबंदी झालेली, त्यानंही केस मऊ होतात. मागच्या एका पायाच्या बोटांवर पांढरा ठिपका होता. ब्रिटिश स्टँडर्ड रंगांची यादी देऊन थांबतं, तांबडा, गव्हाळी वगैरे. अमेरिकेचं स्टँडर्ड मात्र छातीवर थोडा पांढरा रंग चालवून घेतं आणि पायावरच्या पांढऱ्याला गुण कापतं. अल्फीला अमेरिकेत जायचं नव्हतं, म्हणून तो मुद्दा आम्ही सोडून दिला.

मग छाती. खरा वाद इथं होता.

स्टँडर्ड म्हणतं, फासळ्या मागपर्यंत जाव्यात पण बाहेर फुगू नयेत, कारण हा टेरियर खांद्यामागे दोन्ही हातांच्या कवेत मावला पाहिजे. सेंटिमीटर नाहीत, इंच नाहीत. दोन हात. कुत्र्यांच्या शोमधला परीक्षक कुत्र्याच्या मागे उभा राहतो, अंगठे पाठीवर ठेवून बोटं छातीखालून नेतो, पुढचे पाय अलगद उचलतो आणि फासळ्या किती दबतात ते जोखतो. यामागचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. कोल्हा डोंगरातल्या दगडांच्या कपारीत शिरतो. त्याच्यामागे जाणाऱ्या कुत्र्याची छाती कोल्ह्याएवढीच असायला हवी आणि अडचणीच्या जागी दबायलाही हवी. ती मावली नाही तर कुत्रा आतच राहतो. पण त्याच स्टँडर्डमध्ये असंही आहे की या कुत्र्याला घोड्यामागे धावता आलं पाहिजे. म्हणजे पाय लांब हवेत, दिवसभराचा दम हवा, आणि एवढं सगळं अरुंद पिंजऱ्यात बसवायचं. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, आणि बॉर्डरचा विचित्र, काहीसा लुकडा बांधा त्यांच्या ओढाताणीतूनच झालाय. मी आटपाडीची. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड पारखणारी माणसं पाहत वाढले. तीही खूर, कातडी, चाल बघतात ती पुढे नांगर आणि गाडी दिसत असते म्हणून. त्यामुळे दोन हातांचं हे माप मला इंग्लंडमध्ये आल्यावरही परकं वाटलं नाही.

अडचण अशी की हात माझे होते, आणि माझे हात लहान आहेत. बोटांमध्ये चांगली चार बोटं अंतर राहिलं. पोस्टमन साहेबांचा चेहरा उतरला. मी आमच्या नर्सला हाक मारली. हा रग्बी खेळणारा सहा फुटी मुलगा, त्याच्या पंजात चहाचा मग दिसेनासा होतो. त्याची बोटं टेकली. ‘‘मावला!’’ आजोबा ओरडले. आता स्टँडर्डला कुणाचे हात अपेक्षित आहेत? ते त्यात लिहिलेलं नाही. मी टेप घेतली तर कोपरामागे घेर ४६ सेंटिमीटर भरला. भाऊबंदकीतल्या जॅक रसेलच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये ४० ते ४३चा आकडा स्वच्छ दिलेला आहे. बॉर्डरवाल्यांनी आकडा टाळला आणि वाद पबसाठी मोकळा ठेवला.

वजनाला मात्र आकडा आहे. नर ५.९ ते ७.१ किलो, मादी ५.१ ते ६.४. अल्फी ८.८.

इथं मी परीक्षकाचा कोट काढून डॉक्टरचा घातला. शोच्या रिंगणात वजन जास्त म्हणजे दोष, संपलं. मला बघायचं होतं की जास्तीचं वजन हाडाचं आहे की चरबीचं. फासळ्या चाचपायला बोटं रुतवावी लागत होती, वरून पाहिलं तर कंबर नाहीच. शरीरस्थितीच्या नऊ गुणांच्या पट्टीवर मी त्याला सात दिले. पाच म्हणजे उत्तम, आणि वरच्या प्रत्येक गुणामागे साधारण दहा टक्के जादा वजन धरतात. हिशेब केला तर त्याचं खरं वजन सव्वासातच्या आसपास निघत होतं. म्हणजे सांगाडा जवळपास स्टँडर्डचा, वरचा दीड किलो आजोबांचा. सकाळचा टोस्ट, दुपारचं बिस्किट, रात्री ‘पाय’ या मैद्याच्या कवचातल्या इंग्रजी पदार्थाची कड, अशी कबुली हळूहळू बाहेर आली.

शेवटी चाल. मागच्या अंगणात त्याला चालवलं, पळवलं. पावलं सरळ, लंगड नाही, अंगाच्या मानानं चपळ. मी तसं म्हणाले, तर आजोबा सहज बोलून गेले, ‘‘हो, पुतळा होतो तेवढा वेळ सोडला तर छानच चालतो.’’

पुतळा?

त्यांनी मोबाइल काढला. नातीनं गंमत म्हणून काढलेला व्हिडिओ. स्वयंपाकघरात अल्फी उभा, पाठ कमानीसारखी वर, मागचा एक पाय ताठ होऊन हवेत अडकलेला, सगळं अंग थरथरतंय. पाऊल टाकायला जातो आणि कोसळतो. पण डोळे नातीकडे, हाक मारली की कान हलतात. मागून कुणीतरी हसतंय. असं दोनेक महिन्यांतून होतं, काही मिनिटांत थांबतं, मग तो जेवण मागतो. त्यांना वाटे, वयाचा पेटका.

व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. अपस्माराच्या झटक्यात बहुधा शुद्ध हरपते, लाळ गळते, कधी लघवी होते, नंतर कुत्रा बराच वेळ भांबावलेला असतो. इथं यातलं काहीच नव्हतं. बॉर्डर टेरियरमध्ये हा प्रकार ओळखीचा आहे. पूर्वी त्याला ‘स्पाइक्स डिसीज’ म्हणत आणि कारण कुणाला नीट उमगत नव्हतं. २०१५च्या सुमारास ब्रिटनमध्येच झालेल्या अभ्यासातून दिसलं की या कुत्र्यांच्या शरीरात ग्लूटेन या गहू-जवातल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं वाढलेली असतात, आणि गहू-जव बंद केले की झटके कमी होतात किंवा थांबतात. पायची कड, बिस्किट, टोस्ट. यादी नुकतीच ऐकली होती.

मी हे समजावून सांगत असताना आजोबांचा चेहरा उजळत गेला. आजार सांगतेय आणि माणूस खूश होतोय, असं माझ्या टेबलासमोर क्वचित घडतं. ‘‘म्हणजे हा बॉर्डरचाच आजार?’’

‘‘बॉर्डरमध्ये जास्त दिसतो. पण त्यावरून जात सिद्ध होत नाही. अशा हालचालींचे आजार इतर जातींतही आहेत.’’

पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. स्टँडर्डच्या दोन पानांत मेंदूबद्दल, आतड्याबद्दल एक अक्षर नाही, आणि कसं असणार? रिंगणात जे हाताला आणि डोळ्याला कळतं तेच त्यात आहे. तरी त्याचं शेवटचं कलम मला आवडतं: कोणताही दोष किती गंभीर धरायचा ते त्याच्या प्रमाणावर आणि कुत्र्याच्या प्रकृतीवर, त्याच्या मूळ कामाच्या क्षमतेवर काय परिणाम होतो त्यावर ठरवा. पांढऱ्या बोटांचा परिणाम शून्य. दीड किलो चरबीचा बराच.

रक्त तपासणीला गेलं, प्रतिपिंडं वाढलेलीच आली. सहीचा कागद मी दिला नाही. त्याऐवजी वजन, घेर आणि दातांची नोंद असलेला तपासणीचा अहवाल दिला, तो म्हणे पबमध्ये फिरून आला. टोस्ट बंद झाला, गव्हाविना तयार खाद्य सुरू झालं, रोजचं चालणं दुप्पट झालं. उन्हाळ्यापर्यंत अल्फी ७.४ वर उतरला. नर्सच्या हातात आता तो सैल मावत होता, माझ्या हातांतही अंतर बोटभरच उरलं. झटके थांबले.

आणि मग शरद ऋतूत दोन पाठोपाठ आले. आजोबा हादरून फोनवर. शपथेवर सांगत होते की घरात गव्हाचा कणही नाही, नातीलाही तंबी दिलीय. मी घरच्या प्राण्यांची चौकशी केली. मागच्या अंगणात सहा कोंबड्या होत्या. त्यांचं खाद्य? पोतं तपासायला सांगितलं, तर पहिलाच घटक गहू. पण खुराड्याचं दार रात्रंदिवस बंद असतं, कुत्रा आत जाणार कसा, असं ते म्हणत होते.

दाराखाली फट होती. पूर्वी त्यातून त्याचं डोकं तेवढं जायचं. आता अख्खा जात होता. कोंबड्यांना त्यानं हात लावला नव्हता, त्यांचं ताट मात्र रोज साफ करत होता. आजोबांनी फटीला दोन विटा लावल्या आणि त्या पुऱ्या पडतील का, म्हणून मला फोटो पाठवला. मी तिसरी लावायला सांगितली.