पुरीभाजी आणि परळचा महादेव

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

घर झोपलंय. ओट्यापाशी स्टूल ओढून लिहितेय. सकाळी पाणी आलं की आजचं सगळं हंडे-बादल्यांत जाईल, म्हणून आत्ताच.

लग्नाला नऊ वर्षं झाली. दोघंच बाहेर गेल्याची शेवटची आठवण म्हणजे मागच्या वाढदिवसाचं लोअर परळमधलं ते हॉटेल. उजेड इतका कमी की मेनूकार्ड मोबाइलच्या प्रकाशात वाचलं, आणि आकडे दिसल्यावर भूकच गेली. साडेतीन हजार झाले. घरी येताना टॅक्सीत आम्ही एक अक्षर बोललो नाही. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं होतं. म्हणून या वेळी मीच ठरवलं. पाकिटात पाचशेच्या दोन नोटा ठेवायच्या, त्यातच भागवायचं, आणि देव बघायला जायचं.

"देवळात?" हा म्हणाला.

"नाही, म्युझियममध्ये."

आई म्हणाल्या, "जा गं, पोराला मी बघते." परळहून स्लो गाडी धरली, सीएसएमटीला उतरलो आणि चालतच काळ्या घोड्यापर्यंत गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. शाळेच्या सहलीत रांगेने हात धरून पाहिलेलं, तेव्हा लक्षात राहिले ते पेंढा भरलेले प्राणी. तो मोठा घुमट बांधून झाला तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि इमारतीत जखमी सैनिकांचं हॉस्पिटल चालायचं, म्युझियम लोकांसाठी उघडलं ते 1922 साली. हे मी ह्याला सांगितलं, तर हा जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत बराच वेळ वर बघत राहिला.

शिल्पांच्या दालनात ऐहोळेच्या देवळातला ब्रह्मदेव आहे, सातव्या शतकातला. मुळात तो छताचा दगड, म्हणजे हजार-तेराशे वर्षं लोक त्याला मान वर करून बघत आले. आता तो आपल्यासमोर उभा आहे. घारापुरीच्याही भंगलेल्या मूर्ती आहेत. पण आम्ही अडकलो ते मीरपूरखासच्या मातीच्या मूर्तींपाशी. सिंधमधल्या बौद्ध स्तूपावरच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. त्यात एक पुरुष आहे, हातात कमळ घेतलेला. तो देव नाही, बुद्धही नाही. देवाला फूल वाहायला निघालेला साधा माणूस. भाजलेल्या मातीवर जुना रंग अजून कुठे कुठे धरून आहे. ते फूल त्याने किती हळुवार धरलंय! मी लालबागच्या फुलवाल्याकडून हाराची पिशवी घेऊन लोकलच्या गर्दीत ती अशीच छातीशी धरते, चुरगळू नये म्हणून. हा म्हणाला, "बघ, दीड हजार वर्षं झाली, ह्याचं फूल अजून वाहायचंच आहे." नऊ वर्षांत ह्याच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मी काहीच बोलले नाही, नुसती जवळ उभी राहिले.

देवळात आपल्याला दर्शन मिळतं म्हणजे किती, तर पुजारी "चला, चला पुढे" म्हणेपर्यंत. हात जोडले, डोळे मिटले की ढकललेच जातो. खरं तर मी देवाकडे कधी नीट बघितलेलंच नाही, नेहमी मागितलंय. आज मागायचं काही सुचलंच नाही. हार नाही, कुंकू नाही, त्यामुळे बोटं, नखं, कमरेची वळी, सगळं दिसत होतं. मूर्ती घडवणाऱ्याला दिसली असेल तशी.

आणि मग परळचा महादेव. आमचाच! 1931 साली परळ-शिवडीकडे रस्ता करताना जमिनीतून निघालेली ही शिळा, दहा फुटांहून उंच. मूळ शिळा आमच्याकडे बारादेवीच्या देवळात आहे, म्युझियममध्ये आहे तो तिचा साचा काढून केलेला ठसा. मधला शिव सरळ उभा, त्याच्यातून वर दुसरा उगवलाय, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंनी आणखी. एकूण सात. पायाशी वाद्यं घेतलेले गण. सगळ्यांच्या छात्या श्वास भरून घेतल्यासारख्या फुगलेल्या. आई दर महाशिवरात्रीला बारादेवीला जातात. मी एकदाच गेले होते, पोर कडेवर, मागून रेटारेटी, मला फक्त बेलाची पानं आणि दगडाचा एक पांढुरका तुकडा दिसला होता. घरापासून दहा मिनिटांवरचा देव नीट बघायला फोर्टात तिकीट काढून यावं लागलं. वाईट वाटलं, आणि आनंदही झाला. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो.

गेटवेपाशी वारा खात बसलो. अंधार पडल्यावर पेरिन नरीमन मार्गावर पंचम पुरीवाल्याकडे. टम्म पुऱ्या, बटाट्याची रस्साभाजी, दोघांत एक लस्सी. पुरीला बोट लावलं की आतली वाफ चटकन बोटाला लागायची. ह्याने पहिली पुरी फोडून माझ्या ताटात ठेवली आणि आपल्या लहानपणाबद्दल बोलायला लागला. गिरणी बंद पडली तेव्हा सासरे देवघरासमोर कसे तासन् तास गप्प बसायचे, ते. हे मला माहीतच नव्हतं. मी खाणं थांबवून ऐकत होते. वेटर दोनदा येऊन गेला.

येताना परळला उतरून जरा वाकडी वाट केली, बारादेवीच्या गल्लीतून. दार बंद होतं. हा कुलपाकडे बघत म्हणाला, "आत सातही जण असतील ना?"

पाकिटात थोडे सुटे उरलेत. ते बाजूला डब्यात टाकून ठेवलेत, महाशिवरात्रीच्या बेल-फुलांसाठी. या वेळी पोराला आईंकडे ठेवून आम्ही दोघं पहाटेच रांगेत लागू.