टायमरमधली फट बुजवताना

नागपूरच्या आयटी पार्कातल्या आमच्या ऑफिसात ३२-बिट आर्म बोर्डांसाठी लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांभाळायचं काम चालतं. सप्टेंबर २०२५च्या अँड्रॉइड सुरक्षा पत्रकात सीव्हीई-२०२५-३८३५२ आला, म्हणजे या क्रमांकानं नोंदलेला, कर्नलच्या सीपीयू टायमरमधला सुरक्षा दोष. सोबत, या दोषाचा निवडक लोकांविरुद्ध वापर होत असल्याची चिन्हं असल्याचंही म्हटलेलं. आमच्या बोर्डांवर अँड्रॉइड नाही, पण कर्नलचा तो भाग तोच. दुरुस्ती जुन्या कर्नलवर उतरवणं माझ्याकडे आलं.

"काहून वेळ लागून राहिला बे? दोन ओळींचा तर पॅच आहे," शेजारचे दादा म्हणाले. पॅच खरंच एवढासाच. पण तो तिथंच का, हे कळल्याशिवाय मी तो मर्ज करणार नव्हतो.

गोम अशी. टास्कनं (चालू प्रोग्रामच्या थ्रेडनं) ठरलेला सीपीयू वेळ वापरला, की टायमरच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या इशाऱ्यावर, कर्नल मुदत संपलेले टायमर एका यादीत काढतो, लॉक सोडतो आणि मग एकेक हाताळतो. टास्क मरणपंथाला लागून झोंबी झालेला असेल, म्हणजे संपलेला पण नोंद अजून शिल्लक असलेला, तर लॉक सुटताच पालक प्रोसेस किंवा डीबगर त्याला कायमचा काढून टाकू शकतो. त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडनं टायमर डिलीट केला, तर डिलीट करणाऱ्याला टास्कच सापडत नाही. टायमर अजून हाताळला जातोय हे त्याला दिसणार कसं? मेमरी मोकळी होते आणि इंटरप्ट तीच मेमरी वापरत राहतो.

ही फट इतकी अरुंद, की टेस्ट प्रोग्राम चालवत बसलो तरी काही हाती लागेना. शेवटी टेस्ट बिल्डमध्ये लॉक सोडल्यावर लगेच मुद्दाम विलंब टाकला, मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं केएसॅन चालू केलं आणि टास्कला पीट्रेसनं, म्हणजे डीबगर वापरतात त्या सिस्टिम कॉलनं, धरून ठेवलं. मग मात्र कन्सोलवर 'यूज-आफ्टर-फ्री', म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरल्याचा इशारा, आलं आणि स्टॅकमध्ये टायमरचंच फंक्शन! त्या रात्री फार समाधान वाटलं.

दुरुस्ती म्हणजे हाताळणी सुरू होण्याआधीच टास्कचा एक्झिट स्टेट तपासायचा. तो बाहेर पडत असेल तर तिथूनच परतायचं. विलंब तसाच ठेवून पुन्हा टेस्ट चालवली, केएसॅन गप्प राहिलं.

ज्या बिल्डमध्ये सीपीयू टायमर टास्क-वर्कमधून, म्हणजे इंटरप्टऐवजी खुद्द टास्ककडूनच, हाताळले जातात, तिथं ही फट उघडत नाही, कारण ते काम टास्क झोंबी होण्याआधीच उरकलेलं असतं. आमच्या कॉन्फिगमध्ये तो पर्याय नव्हता. म्हणून पॅचच्या वर्णनात हे कारण सविस्तर लिहिलं आणि विलंबवाली टेस्ट रिपॉझिटरीत ठेवली. पुढच्या कर्नलवर जाताना ती आधी चालवायची.