म्युनिकचं कॅबिनेट नागपूरच्या मे महिन्यात नको रे बाबू

इथे म्युनिकला माझ्या टेबलाखाली पीसीचं एक भलंमोठं फुल टॉवर (म्हणजे सगळ्यात उंच साइजचं) कॅबिनेट आहे, समोरून बंद, पॅनलला आतून फोम, पीसी चालू आहे का बंद तेही कळत नाही. व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि नागपूरचा माझा आतेभाऊ मागेच लागला, ताई मले बी हेच पाहिजे, येतानी घेऊन ये न. आता एवढं धूड विमानात आणणं हा विषय बाजूलाच ठेवा, मुळात ते तिकडच्या कामाचंच नाही.

इथे बहुतेक घरांत एसी नसतो, हिवाळ्यात खोली 20-21 डिग्री, आणि भिंतीपलीकडे शेजारी. रविवारी तर ड्रिल मशीनही चालवायची नाही, नियमच आहे तसा. त्यामुळे लोक शांततेसाठी पैसे मोजतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45, कुलर बंद असला तर खोलीत 40 सहज. आणि फॅन कितीही महागडा घ्या तो खोलीतलीच हवा आत ओढणार न, खोली 20 डिग्रीने जास्त तापलेली असली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो, म्हणजे इथे 70 वर आरामात चालणारा तिकडे 90 ला टेकतो आणि मग आपोआप स्पीड कमी करतो.

म्हणून त्याला म्हटलं, समोर जाळी असलेलंच घे. काचेचं दिसते भारी, पण हवा कुठून येईल? मोठं घ्यायचं तर आतली जागा मोजून घे. समोर रेडिएटर (प्रोसेसर पाण्याने थंड करायची जाळी) लावला की त्याचे साधारण 27 मिमी आणि फॅनचे 25, म्हणजे पाच सेंटिमीटर तिथेच गेले, आणि आजकालची ग्राफिक कार्डं 300 मिमीच्या वर जातात.

तर या पठ्ठ्याने एक सेकंडहँड कॅबिनेट पाहून ठेवलं, मोठं आहे, दणकट आहे, पण समोर बंद पाटी. चालेल की! पाटी काप, गेट-ग्रिलवाल्याकडून बारीक भोकांचा पत्रा बसवून घे. वर फॅनसाठी नवीन भोक पाडायचं तर आधी मदरबोर्डसकट (ज्यावर सगळे पार्ट बसतात तो मुख्य बोर्ड) सगळं बाहेर काढ, लोखंडाचा कीस आत राहिला तर शॉर्ट झालंच समज. 140 मिमीच्या फॅनचे स्क्रू एकमेकांपासून 124.5 मिमीवर येतात, 120 मिमीच्याचे 105 वर, आधी कागदावर आखून मग पत्र्यावर चिकटव. कापलेल्या कडेला कारच्या दाराची रबरी पट्टी लाव, नाहीतर हात कापते.

धुळीचं म्हणशील तर आत हवा ओढणारे फॅन जास्त ठेव आणि बाहेर फेकणारे कमी, म्हणजे हवा फिल्टरमधूनच येते, फटींतून धूळ ओढली जात नाही. फिल्टर मात्र नियमित धुवावा लागतो आणि हे काम तो करणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे.

पीसी कुलरच्याच खोलीत ठेव, फक्त थेट झोतात नको, थेंब उडतात. एवढं सगळं ठरलं तर मागून आत्याचा आवाज, एवढं डबडं ठेवाल कुठी?