राजपत्र कुठे आहे?

जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. बांधकाम परवानगी मात्र मिळत नाही. माझ्या अशील असलेल्या काकूंच्या सव्वा एकराचं तेच झालं होतं. विकास आराखड्यात तिथे खेळाचं मैदान दाखवलेलं. पालिकेनं ना जमीन ताब्यात घेतली, ना मोबदला दिला. 'टीडीआर घ्या', म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क घ्या, म्हणाले, पण काकूंना घरातल्या आजारपणासाठी रोख पैसा हवा होता.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 127 अशा मालकांसाठीच आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली आणि संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा जोडून ती नोटीस मी स्वतः आवक खिडकीवर दिली होती. पोचेवरचा शिक्का पुसट उमटला, तो पुन्हा मारून घेतला. सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे पालिकेच्या वकिलांनी ठराव वाचून दाखवला. संपादनाला मुदतीत मंजुरी दिली, प्रस्तावही पाठवला, असं त्यांचं म्हणणं.

"राजपत्रातली घोषणा कुठे आहे?" खंडपीठानं विचारलं.

वकिलांनी फाईल चाळली, मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. जमीन संपादनाची ती घोषणा सरकारी राजपत्रात निघालीच नव्हती. नुसता ठराव किंवा प्रस्ताव म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगून ठेवलंय. जेवणाच्या सुट्टीआधीच आदेश झाला. आरक्षण संपलं.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "वकीलसाहेब, पण तिथं पोरं खेळतात हो. त्यांनी आता जायचं कुठं?"

त्या भागात दुसरं मैदान नाही. आराखडा आखणाऱ्यानं जागा अचूक हेरली होती. अंदाजपत्रकात पैसे न ठेवता आरक्षणं टाकत जाणं हा मालकावर अन्याय आहेच, वस्तीवरही आहे. अशी प्रकरणं जिंकताना मला दर वेळी याचा राग येतो.

आता शेजारच्या जमिनीप्रमाणे इथेही निवासी वापर होईल. क्षेत्र 4000 चौरस मीटरच्या वर असल्यानं लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावीच लागेल. "ती गल्लीच्या बाजूला ठेवू, पोरांना जवळ पडेल," काकू म्हणाल्या. ती जागा लेआउटमधल्या रहिवाशांची असेल, साऱ्या वस्तीची नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं.