गोळी खाल्ली

माझ्याकडे मोडी वाचून घ्यायला येणारी माणसं बहुतेक भांडायच्या तयारीनं येतात. ग्वाल्हेरात मोडी कागद म्हणजे इनामाची सनद, देवस्थानची जमीन, नाहीतर वाड्याची वाटणी. समोरचा माणूस खुर्चीच्या टोकावर बसतो आणि मी वाचायच्या आधीच सांगतो की यात काय लिहिलेलं आहे. माझं काम फक्त होकार द्यायचं, अशी त्याची समजूत असते.

मागच्या डिसेंबरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आलेले गृहस्थही काय लिहिलंय ते आधीच सांगत होते, पण त्यांना भांडायचं नव्हतं. सत्तरी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त, राहायला जीवाजीगंजात. मला ताई म्हणायला लागले, मी त्यांना काका. डब्यात त्यांच्या आजोबांची पत्रं होती. पहिल्या महायुद्धात आजोबा जखमींची मोटार चालवत. घराण्याची स्मरणिका निघणार होती आणि काकांना त्यात एक पान हवं होतं.

"आजोबा महाराजांच्या जहाजावर होते, आणि मनगटात तुर्काची गोळी घुसली होती. तेवढं शोधून द्या, ताई. बाकी नाही वाचलंत तरी चालेल."

जहाजाची गोष्ट ग्वाल्हेरचं प्रत्येक मराठी घर सांगतं. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी पुढाकार घेऊन 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही प्रवासी आगबोट विकत घेतली आणि जखमी हिंदी शिपायांसाठी तिचं इस्पितळ-जहाज केलं. नाव ठेवलं 'लॉयल्टी'. लढाईनंतर ती सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीकडे गेली आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यामुळे. त्यामुळे आपला आजोबाही त्याच जहाजावर होता असं वाटणं स्वाभाविक आहे. मी अशा किमान चार आजोबांबद्दल ऐकलंय.

डबा उघडून मी आधी पत्रं मोजली. चोवीस. त्यातली तेवीस एकाच माणसाची, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली. ही पेन्सिल ओली झाली की शाईसारखी पसरते. बहुतेक कागदांवर, जिथे तळहाताची कड टेकते तिथे, घामानं अक्षरं फुललेली. चोविसावं पत्र बोरूनं, काळ्या शाईत, कुणा सराईत कारकुनाच्या हातचं. ते मी बाजूला ठेवलं. डब्यात घराचा हिशेबही पडलेला असतो, तसलंच काही असेल असं वाटलं.

पाकिटं थोडीच उरली होती. एकावर पंचम जॉर्जचं तिकीट आणि त्यावर काळ्या अक्षरांत छापलेलं 'आय. ई. एफ.', म्हणजे परदेशी गेलेल्या हिंदी फौजेचं. शेजारी सेन्सॉरचा शिक्का. गावांची नावं कुठेच नाहीत, "मुक्काम लढाईवर" एवढंच. पण खजुरीची झाडं, नदीतल्या आगबोटी, पावसानंतरचा चिखल, ज्यात "चाक आत जाते व बाहेर येण्याचे नाव घेत नाही," हे सगळं होतं. माणूस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. जहाजावर तो एकदाच चढला, मुंबईला, आणि ओकत ओकत गेला. तेही त्यानं आईला लिहिलंय.

काकांना हे लगेच सांगितलं नाही. आधी मिती लावायच्या होत्या. शके १८३८ च्या ज्येष्ठापासून सुरुवात, म्हणजे १९१६ चा उन्हाळा. मेसोपोटेमियातलं कुत अल-अमारा २९ एप्रिलला तुर्कांच्या हाती पडलं होतं आणि पुण्याची सहावी डिव्हिजन कैद झाली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्यानंतरचे हे दिवस. पहिल्याच पत्रात तो म्हणतो की मला कुणी पाठवलं नाही, आपखुशीनं आलो, तरी मालकांस बोल लावू नये. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुण्या सरदाराच्या मोटारखान्यात तो नोकरीला होता. त्या काळी मोटार चालवणारा माणूस म्हणजे आजचा वैमानिकच समजा. रेड क्रॉसचा कायदा आपल्याकडे झाला १९२० साली. हा त्याआधीच, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संस्थेमार्फत गेला; त्यांना तो नुसतं "सेंट जॉनवाले" म्हणतो.

एका शब्दावर मी तासभर अडले. "पूर्वी लोकांस बिनकमानीच्या गाडीत घालीत." मला कमान म्हटलं की दिसतो दरवाजा. गाडीला कमान? शेवटी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो हसला, "दीदी, कमानी मतलब पट्टा, स्प्रिंग." मग उलगडा झाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईतले जखमी खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या छकड्यांतून नदीपर्यंत आणले गेले होते. मोडलेलं हाड आणि दगडधोंड्यांवरून उडणारा छकडा. त्याचा विलायतेत इतका बोभाटा झाला की चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आमच्या ड्रायव्हरनं हे सगळं त्या एका शब्दात मिटवलंय. पुढच्या ओळीत आईच्या गुडघ्याची चौकशी.

त्याची गाडी फोर्डची होती. तिच्याबद्दल तो ज्या मायेनं लिहितो तसं लढाईबद्दल एक अक्षर लिहीत नाही. पायाखाली तीन दांडे, एक पुढे जाण्याचा, एक मागे, एक थांबण्याचा. पेट्रोलची टाकी बैठकीखाली, इंधन पंपानं नव्हे तर उतारानं इंजिनाला मिळतं. त्यामुळे टाकीत कमी असलं की चढावर गाडी घुटमळते. म्हणून नदीकाठच्या बांधांवर तो जखमींना घेऊन उलटा चढायचा, मागे तोंड करून. "आत एक पठाण होता. तो म्हणाला, हा मुलगा मला घरी नेत आहे की परत लढाईवर?" हे वाचून मी मोठ्यानं हसले. काका खिडकीपाशी ऊन खात बसले होते, तेही हसले, पण लगेच म्हणाले, "गोळी?"

गोळी होती. शके १८३९ च्या श्रावणात, स्पष्ट: "आज गोळी खाल्ली." काकांच्या एका चुलत्यांना थोडं मोडी येत असे आणि त्यांनी हेच वाक्य वाचून घरात सांगितलं होतं. आपण इकडे हिंदीत राहणारी माणसं. 'सीने पे गोली खाई' कानावर पडलेलं. मराठीतही मग गोळी खाल्ली म्हणजे लागली. पण पुढची ओळ चुलत्यांनी वाचली नसावी. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पेन उचलायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घाला एकच खूण. थोडं येणारा माणूस ओळखीच्या शब्दावर उडी मारतो आणि तिथेच थांबतो. पुढे होतं: "फार कडू. रोज एक देतात, हिवतापाकरिता." कुनेनची गोळी.

मी हे दोनदा वाचून दाखवलं. काका काही बोलले नाहीत. मग त्यांनी बहिणीला उज्जैनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ताईसाहेब चिडल्या. "असं कसं? हात वाकडा होता आजोबांचा! मी पाहिलाय! जेवताना घास डाव्या हातानं उचलायचे, आजी रागवायची." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हात वाकडा होता तर कशानं? फोन तसाच चालू ठेवून मी पुढची पत्रं घेतली.

मोडी लिहिताना आधी रेघ मारतात. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ, आणि मग तिला अक्षरं लटकवायची. रेघ हातानं मारायची असते, त्यामुळे प्रत्येकाची रेघ वेगळी. या माणसाची रेघ उजवीकडे किंचित वर चढत जायची, पहिल्या पत्रापासून. आश्विनातल्या दोन पत्रांत मात्र रेघा अगदी सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. ते मला दिसलं होतं आणि मी वहीत टिपलंही होतं: 'पट्टी मिळालेली दिसते.' अक्षरं जरा ओबडधोबड, ते मी हादरणाऱ्या गाडीवर किंवा थंडीवर टाकलं. मजकूर नेहमीचा. सर्व क्षेम, काळजी करू नये, मनीऑर्डर पोचली का.

कार्तिकातलं पत्र पुन्हा ओबडधोबड अक्षरात, आणि त्यात तो एकदम उत्तर देऊ लागतो. कशाचं उत्तर ते कळेना. "होय, मोडला होता." काय मोडला? मग सांगतो. रात्री जखमी चढवत होते, इंजिन गरम होतं, बंद पडलं. फोर्डला पुढून हँडल मारून चालू करावं लागे. त्याआधी स्टिअरिंगच्या चाकाखालचा डावीकडचा खटका वर करायचा, नाहीतर ठिणगी आधी पडते आणि हँडल उलटं फिरतं. घाईत तो खटका वर करायचा राहिला. "हँडल उलटे आले व मनगट मोडले." दोन महिने उजवा हात फळीत. पत्रं त्यानं डाव्या हातानं लिहिली, पट्टी धरून रेघ आखली, आणि शेवटी आईला विचारलं: "तुला कोणी सांगितले? मी कोणाकडूनही कळविले नव्हते."

फोनवर ताईसाहेब गप्प झाल्या. काकांनी डोळे पुसले की चष्मा पुसला ते मी पाहिलं नाही. मी त्या चोविसाव्या पत्राकडे पाहत होते, बोरूवाल्या.

त्याचं पाकीट डब्याच्या तळाशी सापडलं. त्यावर 'ग्वालियर' छापलेलं तिकीट, आपल्या संस्थानचं. आईनं लिहवून घेतलेलं पत्र. कारकुनानं "चिरंजीवास अनेक आशीर्वाद" पासून सगळी रीत पाळलीय. शेतसारा, बैल, कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं हे उघड होतं, कारण खाली सही नाही, अंगठा आहे. आणि मध्ये, कुठलाही विराम न घेता, कारकुनाच्या त्याच तालबद्ध हातात एक वेगळंच बोलणं आलंय. त्यानं बहुधा बाई बोलल्या तसंच उतरवलं:

"तुझी पत्रे वाचून दाखवितात ती ऐकते. कागद मी हातात घेऊन पाहते. तुझी रेघ वर जात असे. या दोन कागदांवर ती सरळ का आहे? हात दाखव."

मी ते वाक्य तीन वेळा वाचून पडताळलं. 'हात दाखव' की 'हातात ठेव'? 'दाखव'च आहे. माझ्या वहीत 'पट्टी मिळालेली दिसते' ही ओळ होती. तिच्यावर मी काट मारली आणि तशीच ठेवली.

संध्याकाळ झाली होती. जयेंद्रगंजाकडून रिक्षांचा गोंगाट येत होता आणि काकांना थंडीच्या आत घरी जायचं होतं. ते म्हणाले, पान असंच द्या, चोविसावं पत्र मोडीत छापा आणि खाली बालबोधीत. फोनवरून ताईसाहेबांचा आवाज आला, "आणि गोळीचं?" काका म्हणाले, "कुनेनचं लिहा. कडू होती तेही."

मी पानं स्कॅन केली आणि मितीप्रमाणे डब्यात लावली, आईचं पत्र आश्विन आणि कार्तिकाच्या मध्ये. माघातलं पत्र सगळ्यात वर आलं. त्यात मजकूर थोडाच आहे, हात बरा आहे आणि गाडीची कमानी तुटली आहे एवढंच. रेघ हातानं मारलेली आहे, थरथरत, आणि उजवीकडे वर चढत गेलेली.